रेंज फुल, तरी फोन का लागत नाही?

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावर आईचा हात सुटला. आमच्या सोसायटीचा गणपती विसर्जनाला आणला होता. तेवढ्यात जांभळी नाक्याकडून दुसरी मिरवणूक आली, ढोल-ताशा पथक मधे शिरलं आणि दोन मिनिटांत आई कुठे आणि आम्ही कुठे! आई सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू. मी फोन लावला. रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, पण कॉल लागेना. कधी नुसतीच शांतता, कधी टूं टूं टूं, कधी ‘नेटवर्क बिझी’. चाळीस मिनिटं हेच चाललं. शेवटी ती चिंतामणी चौकाजवळ एका दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली, फोन घट्ट धरून. तिनेही मला अकरा वेळा लावला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा. रेंज फुल होती, मग फोन का लागला नाही? कोणी म्हणालं पोलिसांनी जॅमर लावला असेल. कोणी म्हणालं महागडा प्लॅन घ्यावा म्हणून मुद्दाम करतात. मी ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये कोणत्या तासाला किती माणसं बसवायची याचं गणित करते. गंमत म्हणजे टॉवरचं गणितही तेच आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. ते कळलं की त्या संध्याकाळी काय झालं ते कळतं. शंभरातले किती कॉल परत पाठवले तरी चालतील, हा आकडा कोणीतरी आधीच कागदावर ठरवलेला असतो, हेही कळतं. त्या आकड्याबद्दल आपण विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

तीन तक्रारी, तीन कारणं

‘नेटवर्क नाही’ या दोन शब्दांत आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली, रेंजच नसणं. गाडी ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्यात शिरली की बऱ्याचदा फोनचा आवाज जातो. तिथे मधे डोंगर आहे, लहरी पोचत नाहीत. दुसरी, लागलेला कॉल मधेच तुटणं, म्हणजे कॉल ड्रॉप. तिसरी, रेंज असून कॉल लागतच नाही, कारण तुम्हाला द्यायला त्या क्षणी जागा शिल्लक नाही. या तिसऱ्याला अभियंते कॉल ब्लॉकिंग म्हणतात. नको असलेला नंबर आपण ब्लॉक करतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. मी इथे ‘कॉल अडणं’ म्हणेन.

रेंजच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्या सांगत नाहीत. हॉटेलची पाटी लांबून ठळक दिसली म्हणून आत टेबल रिकामं असेलच असं नाही.

पाहुण्यांच्या पाच जागा

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पाच जागा आहेत. जागा असली तर वॉचमनकाका गेट उघडतात, नसली तर ‘बाहेर लावा’ म्हणतात. गल्ली एवढी अरुंद की गेटसमोर थांबून वाट बघता येत नाही. आलात, जागा मिळाली तर आत, नाहीतर निघालात. टॉवरही असाच वागतो. एक गाडी म्हणजे एक कॉल, एक जागा म्हणजे एक चॅनल (एका वेळी एकच कॉल नेणारी वाट), आणि गाडी उभी राहण्याचा वेळ म्हणजे बोलण्याचा वेळ.

आता रविवार संध्याकाळ घ्या. तासाला सरासरी चार पाहुण्यांच्या गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी सरासरी अर्धा तास थांबते. चार गुणिले अर्धा म्हणजे दोन. एकाही गाडीला परत पाठवावं लागलं नसतं, तर कुठल्याही क्षणी सरासरी दोन गाड्या आत उभ्या दिसल्या असत्या. या दोनला म्हणायचं भार, आणि त्याचं एकक एर्लांग. एक चॅनल तासभर अखंड व्यग्र राहिलं तर तो एक एर्लांग. लेखातला सगळ्यात जड शब्द हाच, याहून अवघड पुढे काही नाही.

भार दोनचा आहे, मग जागा किती हव्यात? सोसायटीच्या सभेत हा प्रश्न आला तर कोणीही म्हणेल, दोन पुरेत, फार तर तीन. प्रत्यक्षात दोनच जागा ठेवल्या तर शंभरातल्या ४० गाड्या परत जातील. तीन ठेवल्या तरी २१. चार ठेवल्या तर साधारण साडेनऊ. पाच ठेवल्या की कुठे हा आकडा ३.७ वर येतो. सरासरीच्या अडीचपट जागा देऊनही दर २७ गाड्यांमागे एक परत जातेच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. कारण साधं आहे. पाहुणे एकमेकांना विचारून येत नाहीत. कधी पाऊण तास एकही गाडी येत नाही आणि जागा रिकाम्या पडून राहतात. मग दहा मिनिटांत चार येतात. रिकामा गेलेला पाऊण तास साठवून नंतरच्या दहा मिनिटांना पुरवता येत नाही. वाया गेलेली जागा वाया गेली, आणि परत गेलेली गाडी परत गेली. सरासरी या दोन्ही गोष्टी झाकून टाकते.

कोपनहेगनमधला एर्लांग

हे आकडे येतात कुठून? आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाकडून. जन्म १८७८ चा. १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. तिथले मुख्य अभियंते योहान येन्सेन स्वतः गणिताचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्यामुळेच हे प्रश्न एर्लांगच्या हाती आले. त्या काळी गावोगावच्या एक्सचेंजमध्ये ऑपरेटर हाताने तार खोचून कॉल जोडत. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे अडचण आपल्याकडेही होती: दोन एक्सचेंजमध्ये किती तारा टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक ओरडणार, जास्त टाकल्या तर तांब्याचा पैसा जमिनीत पुरला जाणार.

एर्लांगने १९०९ मध्ये दाखवलं की कॉल कोणत्याही ठरावाशिवाय, आपापले येत असतील, तर त्या बेशिस्तीलाही एक शिस्त असते. १९१७ मध्ये त्याने ते सूत्र छापलं, ज्याला आज ‘एर्लांग बी’ म्हणतात. तो खोलीत बसून गणित करणाऱ्यांतला नव्हता. शिडी घेतलेल्या कामगाराला बरोबर घेऊन तो कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरून तारांची मोजमापं घेत असे. १९२९ मध्ये तो गेला, आणि १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने भाराच्या एककाला त्याचं नाव दिलं.

सूत्राचं रूप भीतीदायक दिसतं, पण ते पायरीपायरीने सोडवायची युक्ती सातवीतल्या मुलालाही जमेल. शून्य जागांपासून सुरुवात करा. जागाच नाही, म्हणजे प्रत्येक गाडी परत, उत्तर १. आता एक जागा द्या. आधीच्या उत्तराला भाराने गुणा: १ गुणिले २, म्हणजे २. याला भागायचं त्याच आकड्यात जागांची संख्या मिळवून: २ भागिले ३, म्हणजे ०.६७. दोन जागा: ०.६७ गुणिले २, साधारण १.३३. भागिले ३.३३, उत्तर ०.४०. तीन जागा: ०.८ भागिले ३.८, उत्तर ०.२१. असंच पुढे. वर दिलेले सगळे आकडे याच पायऱ्यांनी आलेत. कॅल्क्युलेटर घेऊन चौथी आणि पाचवी पायरी स्वतः करून बघा, मजा येते.

टॉवरवर हेच गणित कसं चालतं

टू-जीचा जुना सेल घेऊ, कारण त्यात जागा बोटांवर मोजता येतात. (एक टॉवर सहसा तीन दिशांना तीन वेगळे भाग सांभाळतो, त्या एका भागाला इथे सेल म्हणते.) टू-जीमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर वेळेचे आठ तुकडे पाडून आठ जागा मिळतात. सेलला अशा दोन फ्रिक्वेन्सी दिल्या तर सोळा. त्यातल्या दोन कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांसाठी ठेवल्या की बोलायला उरल्या चौदा.

पूर्वीपासूनचा दंडक असा की गर्दीच्या तासाला शंभरातले दोन कॉल अडले तर चालतील. आपल्या दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००९ च्या नियमांतही बोलण्याच्या चॅनलसाठी हीच २ टक्क्यांची मर्यादा होती, आणि निरोपांच्या चॅनलसाठी १ टक्का. चौदा जागा आणि २ टक्के, या हिशेबाने सेल ८.२ एर्लांगचा भार पेलतो. लोक सरासरी दोन मिनिटं बोलत असतील तर तासाला २४६ कॉल. त्यातले साधारण पाच अडतात. पाचांपैकी तुम्ही असाल तर पुन्हा लावता, लागतो, आणि विसरून जाता.

आता विसर्जनाची संध्याकाळ. माणसं दुप्पट झाली एवढंच धरू, खरं तर तलावाच्या काठावर तेव्हा दुपटीहून खूप जास्त असतात. कॉल झाले ४९२, भार १६.४. अडणारे कॉल दुप्पट होतील, दहा-बारा, असं वाटतं ना? सूत्र सांगतं २७ टक्के. म्हणजे १३१ कॉल.

पाचावरून एकशे एकतीस! गर्दी फक्त दुप्पट झाली होती.

म्हणून ‘कालपर्यंत तर नीट चालत होतं’ हे वाक्य खरंच असतं. टॉवर हळूहळू कुरकुरत बिघडत नाही. भार जागांच्या जवळ पोचेपर्यंत सगळं शांत दिसतं आणि तिथून पुढे एकदम कोसळतं.

‘मग चॅनल वाढवा की!’

हा पहिला आणि रास्त आक्षेप. पण चॅनल म्हणजे स्पेक्ट्रम, रेडिओलहरींचा पट्टा, आणि तो लिलावात विकत घ्यावा लागतो. शिवाय वरच्या उदाहरणातला नेहमीचा तास पुन्हा बघा. चौदा जागांपैकी सरासरी आठच भरलेल्या. गर्दीच्या तासालासुद्धा सहा जागा रिकाम्या, आणि तरी शंभरात दोन अडतात. पहाटे तीनला तर सगळंच रिकामं. कंपनीचा हिशेबनीस या रिकाम्या सहा जागांकडे बोट दाखवणार, आणि आपण अडलेल्या दोन कॉलकडे. दोघंही एकाच सेलबद्दल बोलत असतात.

यावर एक सुंदर उपाय आहे, तो म्हणजे जागा एकत्र करणं. आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत. समजा प्रत्येकीला वेगळ्या पाच जागा आणि प्रत्येकीवर दोनचा भार. दोन्हीकडून ३.७ टक्के गाड्या परत जातात. आता मधली रेघ पुसून टाका: दहा जागा सगळ्यांच्या, भार चारचा. परत जाणाऱ्या गाड्या अर्ध्या टक्क्यावर येतात. एक वीटही न रचता त्रास सातपटीने कमी! ए विंगमध्ये वाढदिवस असतो त्या दिवशी बी विंग बहुतेक रिकामी असते, त्यातून हा फायदा निघतो. म्हणूनच ५० चॅनल एकत्र असतील तर २ टक्क्यांत ४० एर्लांग पेलतात आणि १०० असतील तर ८८. मोठ्या साठ्यात रिकामं फार कमी पडून राहतं.

आपत्तीच्या वेळी सरकार कंपन्यांना एकमेकांचे ग्राहक सांभाळायला लावतं, ज्याला इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात, ते याच कारणाने उपयोगी पडतं. एक टॉवर पडला तरी दुसऱ्या कंपनीचा चालतो, आणि सगळ्यांच्या जागा एका साठ्यात येतात. मोठ्या विसर्जनाच्या रात्री हे का करू नये, असं मला नेहमी वाटतं.

इथे चौकस वाचक विचारेल: एकत्र करणं चांगलं, तर शहरात लहान लहान सेल का वाढवतात? लहान सेल म्हणजे तुकडे करणंच झालं. बरोबर आहे, आणि तुकड्यांची कार्यक्षमता घटतेही. पण सेल लहान केला की त्याच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतात. एका मोठ्या सेलच्या जागी चार लहान बसवले की एकूण जागा जवळपास चौपट होतात. तुकडे केल्याचा तोटा त्यापुढे किरकोळ. जत्रेत, कुंभमेळ्यात ट्रकवर बसवलेले टॉवर आणून उभे करतात त्यामागे हेच आहे.

‘काही जण तासभर बोलतात, त्यांचं काय?’

आमच्या ग्रुपवर एका काकूंनी सगळा दोष कॉलेजच्या मुलांवर टाकला होता. त्यांच्यासाठी एर्लांगच्या सूत्रात एक नवल आहे. कोण दोन मिनिटं बोलतं आणि कोण तासभर, यातल्या चढउताराने उत्तर बदलत नाही. फक्त सरासरी वेळ लागते. सगळे बरोब्बर दोन मिनिटं बोलले काय, किंवा निम्मे दहा सेकंद आणि निम्मे जवळपास चार मिनिटं बोलले काय, अडणाऱ्या कॉलचा टक्का तोच. १९५७ मध्ये रशियन गणितज्ञ सेवास्त्यानोव्ह यांनी हे काटेकोरपणे सिद्ध केलं. वास्तव इतकं अस्ताव्यस्त असूनही शंभर वर्षांपूर्वीचं सूत्र टिकलं त्याचं मोठं श्रेय याला जातं.

सूत्र जिथे हात टेकतं

पण दोन गृहीतकं विसर्जनाच्या रात्री मोडतात, आणि ती नेमकी आपल्याला नडतात.

पहिलं: लोक एकमेकांशी न ठरवता फोन करतात. एरवी खरं आहे. पण पथक मधे शिरलं आणि पन्नास कुटुंबांची एकदम चुकामूक झाली, तर पन्नास कॉल एकाच मिनिटात निघतात. भूकंपानंतर, नववर्षाच्या बाराच्या ठोक्याला, लोकल बंद पडल्यावर ठाणे स्टेशनात, सगळीकडे हेच.

दुसरं: अडलेला माणूस निघून जातो. आमच्या पार्किंगमधून परत गेलेली गाडी खरंच जाते. पण आई अकरा वेळा लावते. प्रत्येक अडलेला कॉल पुन्हा येतो, पुन्हा अडतो, आणि निरोपांची चॅनलं भरून टाकतो. चौदा जागा म्हणजे कितीही झालं तरी चौदा एर्लांग. भार १६.४ चा असेल तर सगळे कॉल कोणत्याही युक्तीने मावणार नाहीत. तरी सगळे प्रयत्न करत राहिले तर कॉल जोडण्याचा दरवाजाच तुंबतो, आणि मग आत एखादी जागा रिकामी असूनही तिथवर कोणी पोचत नाही.

फोन लागत नसला की आपण सगळेच जिवाच्या आकांताने रिडायल दाबतो. मीही दाबला. पण प्रत्येकाने अर्धं मिनिट थांबून लावला तर जास्त जणांचे लागतात. एसएमएस मात्र टाकावा. टू-जीत तो बोलण्याचं चॅनल अडवत नाही, निरोपांच्या वाटेने क्षणात निघून जातो, आणि पहिल्यांदा नाही गेला तरी बहुतेकदा यंत्रणा तो ठेवून पुन्हा पाठवते.

चालू कॉलला आधी जागा

लोकलने कळव्याहून ठाण्यामार्गे मुलुंडला जाताना तुमचा कॉल एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. पुढच्या सेलमध्ये जागा नसेल तर चालू कॉल तुटतो. नव्या कॉलला नकार मिळणं परवडतं, पण बोलता बोलता तुटणं माणसाला फार लागतं. म्हणून प्रत्येक सेल एक-दोन जागा फक्त अशा पाहुण्या कॉलसाठी राखून ठेवू शकतो. राखीव जागा वाढवल्या की तुटणं कमी होतं आणि अडणं वाढतं. ‘आमचं कॉल ड्रॉपचं प्रमाण कमी’ असं कोणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारावा: अडलेले किती?

एकाच टॉवरवर भागत नाही

पाचपाखाडीहून पुण्याच्या मावशीला फोन लावला की तो इथला सेल, मधली वाट आणि तिथला सेल ओलांडतो. तिन्ही ठिकाणी २ टक्के अडत असतील तर एकूण जवळपास ६ टक्के अडतात. म्हणून दोन कंपन्यांच्या जाळ्यांमधल्या सांध्यावर ट्रायने मर्यादा कडक ठेवली होती, फक्त अर्धा टक्का. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा वाद पेटला तो याच सांध्यावर. अशा सांध्याची प्रत्येक तार तीस कॉलची. अर्ध्या टक्क्याची अट पाळायची तर तिच्यावर १९ एर्लांगच चढवता येतात. ग्राहक कोटींनी वाढत होते आणि तारा त्या वेगाने जोडल्या जात नव्हत्या. त्या ऑक्टोबरमध्ये ट्रायने तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. एर्लांगच्या कोष्टकातला एक आकडा इतका महाग असू शकतो.

अनेक दुवे, म्हणजे कॉलच्या वाटेवरचे टप्पे, एकमेकांवर अवलंबून असले की गणित खूप किचकट होतं. प्रत्येक दुवा स्वतंत्र आहे असं मानून काढलेलं उत्तर मोठ्या जाळ्यांत अचूक उत्तराच्या जवळ जातं, हे केंब्रिजच्या फ्रँक केली यांनी १९८६ मध्ये दाखवलं, तेव्हा अभियंत्यांच्या जुन्या अंदाजाला भक्कम पाया मिळाला. याच अभ्यासातली एक गोष्ट ठाणेकरांना समजावून सांगायची गरज नाही: पर्यायी रस्ता दिला की कोंडी वाढू शकते. घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटात काम निघालं की गाड्या कशेळी-काल्हेरवरून वळतात, आणि ज्यांचा घोडबंदरशी काही संबंध नाही ते भिवंडीकरही अडकतात. वळवलेला कॉल एकाऐवजी दोन दुवे व्यापतो. गर्दीत सगळेच वळले तर प्रत्येकाला दुप्पट जागा लागते. म्हणून दुवा भरत आला की वळून आलेल्या कॉलला आधी नकार द्यायचा आणि शेवटच्या काही जागा थेट जाणाऱ्यांसाठी राखायच्या, असा नियम घालतात.

‘आता तर फोर-जी, फाइव्ह-जी आहे’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकला. खरं आहे, आता आवाजाचेही लहान लहान तुकडे करून पाठवतात आणि ठरावीक चौदा जागा उरलेल्या नाहीत. पण हवा तेवढीच आहे. टॉवरकडे दर क्षणाला वाटण्यासाठी ठरावीक माल असतो. आवाजाच्या कॉलला थोडा आणि आधी, व्हिडिओला भरपूर आणि नंतर. पार्किंगमध्ये आता स्कूटर, कार आणि टेम्पो तिन्ही येतात असं समजा. स्कूटरला एक जागा, टेम्पोला चार. यासाठी कॉफमन आणि रॉबर्ट्स यांनी १९८१ मध्ये एर्लांगच्या सूत्राचा विस्तार केला. त्यात टेम्पोला नकार स्कूटरपेक्षा खूप जास्त वेळा मिळतो, कारण चार जागा एकदम मोकळ्या व्हाव्या लागतात. आणि आत शिरण्याआधी गेटवर हाक द्यावी लागते ती लागतेच. हजारो फोन एकाच क्षणी हाका मारू लागले की टॉवरला कोणाचीच नीट ऐकू येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप मात्र वेगळा वागतो. त्याला नकार मिळत नाही, तो रांगेत थांबतो. नकार आणि रांग ही दोन वेगळी गणितं आहेत. जुन्या लोकांना दोन्ही आठवतील. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ हा नकार, आणि ट्रंक कॉल बुक करून दुपारभर फोनशेजारी बसणं ही रांग. रांगेचं सूत्रही एर्लांगचंच, ‘एर्लांग सी’, आणि त्यावरच माझं पोट चालतं.

त्यातला एक आकडा मी नव्या टीम लीडरना हमखास दाखवते. दहा जण फोन घेतायत, भार आठ एर्लांग, प्रत्येक कॉल सरासरी चार मिनिटांचा. ग्राहकाला सरासरी ४९ सेकंद थांबावं लागतं. एक जण चहाला उठला, नऊ उरले. आता थांबावं लागतं २ मिनिटं ३७ सेकंद. एका माणसाच्या उठण्याने वाट बघणं तिप्पट होतं. यात त्या माणसाचा दोष नाही. चहाला उठायलाही जागा राहणार नाही इतकी कमी माणसं बसवणाऱ्याचा आहे.

सरासरी कोणाला लपवते?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. नियम मोडला की पाळला हे मोजायचं कसं?

समजा एका कंपनीचे हजार सेल आहेत. ९९० सेलमध्ये अर्धा टक्का कॉल अडतात आणि तलावाभोवतीच्या दहांमध्ये २७ टक्के. सरासरी येते पाऊण टक्का. उत्तम गुण! किंवा एकच सेल घ्या: महिन्यातले २९ दिवस १ टक्का आणि विसर्जनाच्या दिवशी २७. महिन्याची सरासरी १.९ टक्के, २ च्या आत. कागदावर काहीच घडलेलं नाही, आणि माझी आई पायरीवर बसून अकरा वेळा फोन लावतेय.

ट्रायला हे कळत नाही असं नाही. २०१७ मध्ये कॉल ड्रॉपसाठी त्यांनी सरासरी सोडली आणि किमान ९० टक्के सेलमध्ये, ९० टक्के दिवस, प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं, अशी पद्धत आणली. ती कितीतरी प्रामाणिक आहे, तरी उरलेले दहा टक्के सेल आणि दहा टक्के दिवस तिच्या बाहेरच राहतात. महिन्यातले तीन दिवस! विसर्जन त्यात आरामात बसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये नवे नियम आले, १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यात कंपन्यांनी कुठे कोणती सेवा मिळते याचे नकाशे संकेतस्थळावर द्यायचे आहेत. चांगलंच आहे. पण तो नकाशा रेंजचा, काड्यांचा. कुठल्या सेलमध्ये गर्दीच्या तासाला शंभरातले किती परत जातात, याचा नकाशा मला हवा आहे.

मोजण्यात आणखी एक खाच आहे. आमच्या वॉचमनकाकांच्या वहीत आत आलेल्या गाड्यांची नोंद असते, परत गेलेल्यांची नसते. वही बघून कोणी म्हणेल, पाच जागा, आणि पाचापेक्षा जास्त गाड्या कधीच आल्या नाहीत, म्हणजे पुरतात की! लागलेल्या कॉलचे आकडे बघून मागणी ठरवली तर हीच चूक होते. आणि वही परत गेलेल्यांची ठेवली तरी आईचे अकरा प्रयत्न अकरा माणसं म्हणून धरले, तर उलट्या बाजूने फसगत.

मी काकांना विचारलं, परत गेलेल्या गाड्यांचे नंबरही लिहून ठेवाल का, एक महिनाभर? ते म्हणाले, ‘ताई, लिहीन की, पण एक वही आणून द्या.’ वही दिली आहे. पुढच्या रविवारी तीन आठवडे पूर्ण होतील. त्यात एक पांढरी व्हॅन एकाच संध्याकाळी चार वेळा परत गेल्याची नोंद आहे.